शिदोरी आणि आधण



या व्याख्यानमालेत राज्ये, क्रांत्या, धर्म आणि वाङ्मय यांच्या इतिहासावर बोलण्याची प्रथा आहे. तेथे शिदोरीचा इतिहास घेऊन उभे राहणे काहींना पोरकट वाटेल. परंतु राज्ये मिळवणारे आणि घालवणारे लोकही दोन वेळा जेवतच होते; किंबहुना ते काय जेवले आणि ते कोणी शिजवले, यावर पुष्कळदा त्यांचे मिळवणे आणि घालवणे अवलंबून होते. शिवाय हे दिवस वाळवणांचे आहेत. गच्चीवर, अंगणात जुन्या धुवट कापडावर कुरडया आणि शेवया वाळत असतील. माझा आजचा विषय नेमका त्या कापडावर पसरलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

पाठीवर पिशवी टाकून गडकिल्ले हिंडणारी तरुण मंडळी आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहेत. त्यांच्या पिशवीत अलीकडे एक पाकीट असते. त्यात वाळलेला भात, उपमा किंवा शेवया असतात. त्यावर उकळते पाणी ओतायचे, झाकण ठेवायचे, पाच-सात मिनिटे थांबायचे, की जेवण तयार. गडावरच्या लेण्यात ओल्या लाकडांचा धूर खात कच्ची खिचडी गिळलेल्या आमच्यासारख्यांना या सोयीचे महत्त्व नव्याने सांगायला नको. पण पाच मिनिटांत जेवण होते म्हणजे काय होते? जे काम आपल्या चुलीवर तासभर चालते, ते गेले कुठे? ते कोणी केले आणि त्याची किंमत कोणी दिली? या प्रश्नाच्या मागे मागे आज आपणास जायचे आहे.

प्रथम थोडे शास्त्र. धान्यात पिष्ट असते. पाण्यासह त्याला साठ-सत्तर अंशांच्या पुढे उष्णता मिळाली, की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मऊ होतात. यालाच आपण 'शिजले' म्हणतो. एकदा शिजलेले धान्य वाळवले, तर त्याला पुन्हा तेवढा अग्नी लागत नाही. गरम पाणी मिळाले की ते पुन्हा मऊ होते. वाळवल्याने दोन गोष्टी साधतात. पाणी निघून गेल्यामुळे ते टिकते, आणि पाणी निघून गेल्यामुळेच ते हलके होते. शिजलेल्या भातात दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते. ते वाहून नेण्याऐवजी ज्या गावी जायचे तेथल्या झऱ्याचे घ्यावे, हा यातला हिशेब.

डोंगरात या हिशेबाला आणखी एक कारण मिळते. उंची वाढते तसे पाणी कमी उष्णतेवर उकळू लागते. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश उतरतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते, तेव्हा आपली डाळ थोडी अडते इतकेच. पण एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, पाच हजार मीटरच्या वर, ते ८३ अंशांच्या आसपासच उकळ्या मारते. तेथे डाळ दिवसभर उकळली तरी दाताखाली कचकचते. म्हणून उंच प्रदेशातल्या माणसांनी एक तोड फार पूर्वीच काढली. धान्य आधी भाजून दळून ठेवायचे. तिबेटी लोकांचा त्सांपा तो हाच. भाजलेल्या जवाचे पीठ, त्यात लोणी घातलेला चहा, बोटांनी मळलेला गोळा, आणि जेवण झाले.

त्सांपा ऐकून आपल्याला परके वाटायला नको. तो आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात शहाण्यांनी वाणी कशी शुद्ध केली हे सांगताना ऋषीला चाळणीने चाळलेल्या सक्तूची उपमा सुचली. म्हणजे सातू चाळणे ही त्या काळी रोजच्या पाहण्यातली गोष्ट असली पाहिजे. विनयपिटकातील महावग्गात याहून बोलकी कथा आहे. बुद्धाला बोधी प्राप्त झाल्यानंतर काही आठवड्यांनी तपस्सु आणि भल्लिक नावाचे दोन व्यापारी उक्कलाहून त्या वाटेने चालले होते. त्यांनी बुद्धाला अन्न अर्पण केले, ते मंथ आणि मधाचे गोळे. मंथ म्हणजे भाजलेल्या धान्याचे कालवलेले पीठ. तांड्याबरोबर चालणाऱ्या माणसांजवळ दुसरे काय असणार? बोधीनंतरचे हे भिक्षान्न वाटसरूच्या शिदोरीतून आले, आणि ते देणारे दोघे पहिले उपासक ठरले.

पोह्यांचेही असेच. साळ भिजवायची, भट्टीत गरम वाळूवर भाजायची आणि गरम असतानाच कांडायची. दाणा भाजताना शिजतो आणि कांडताना चपटा होतो. म्हणून पोहे नुसते भिजवून खाता येतात. द्वारकेला निघालेल्या सुदाम्याच्या फडक्यात बायकोने पोहेच बांधले, यामागे गरिबी होती हे खरेच. पण वाटेचा विचारही होता. आपले सातूचे पीठ, मेतकूट, भाजणी या साऱ्यांची जात एकच आहे. अग्नीचे काम घरी, मोकळ्या वेळी, हाताशी सरपण असताना उरकून ठेवलेले असते. वाटेवर उरते ते फक्त कालवणे.

तेव्हा झटपट अन्न ही नवी कल्पना नाही. झटपट अन्न झटपट झालेले नसते, ते आधी झालेले असते. आणि ते आधी करणारे हात आजवर बहुतेक बायकांचे होते. पहाटे जात्यावर बसणारीने वाटेच्या माणसाचा तासभर वाचवला, पण तिचा तास कोणी मोजला नाही. 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ अनेकदा एवढाच असतो, की त्यातली कोणाची तरी मजुरी हिशेबात धरलेली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवून पुढचा इतिहास पाहू.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावर लोक बटाट्याचा चुन्यो करीत आले आहेत. बटाटे रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात वितळले की पायांनी तुडवून पाणी काढायचे, आणि पुन्हा गोठवून वाळवायचे. थंडी, ऊन आणि पाय एवढ्या सामग्रीवर तयार झालेला हा खडा वर्षानुवर्षे टिकतो. इंका राज्याच्या कोठारांत तो साठवलेला असे, आणि दुष्काळात व लष्करी मोहिमांत उपयोगी पडे. पुढे स्पॅनिश आले. १५४५ मध्ये पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि खाणीत हजारो स्थानिक माणसे जुंपली गेली. सिएसा दे लेओन हा त्या काळचा स्पॅनिश इतिवृत्तकार लिहून ठेवतो, की केवळ चुन्यो नेऊन पोतोसीच्या खाणींवर विकल्याने कित्येक स्पॅनिश श्रीमंत होऊन मायदेशी परतले. दुष्काळासाठी राखलेली शिदोरी खाणमालकाच्या फायद्याची झाली. हलके, टिकाऊ, स्वस्त अन्न ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुसऱ्याचे श्रम, हे येथे प्रथम ठळकपणे दिसते.

युरोपात या अन्नाला कारखान्याचे रूप मिळाले ते युद्धामुळे. बर्लिनमधील योहान हाइनरिख ग्र्यूनेबेर्ग या स्वयंपाक्याने १८६७ मध्ये वाटाण्याचे पीठ, चरबी, मीठ आणि मसाला एकत्र करून त्याची दांडी वळली. जर्मन भाषेत तिचे नाव 'एर्ब्सवुर्स्ट', म्हणजे वाटाण्याचे सॉसेज. तुकडा मोडून पाण्यात कुस्करायचा आणि उकळी आणायची, की दाट कढण तयार. प्रशियाच्या सरकारने ही कृती विकत घेतली. १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा बर्लिनमध्ये खास कारखाना उभा राहिला, आणि हजारो टन वाटाणा-दांड्या आघाडीवर गेल्या. सैनिक रोज रोज तेच खाऊन विटले. पण विटलेला सैनिकही उपाशी सैनिकापेक्षा लांब चालतो. पुढे १८८९ पासून हा माल क्नोर कंपनी करू लागली, आणि लढाईसाठी निघालेली ही दांडी शांततेच्या काळात डोंगर हिंडणाऱ्यांच्या पिशवीत जाऊन बसली. तिचे उत्पादन २०१८ च्या अखेरीस थांबले. म्हणजे दीडशे वर्षे ती टिकली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये प्रश्न निराळा होता. तेथे १८७७ च्या कायद्याने कारखान्यातला कामाचा दिवस अकरा तासांवर आणला होता. अकरा तास ही सवलत होती, यावरून आधीची स्थिती समजावी! अकरा तास यंत्रापुढे उभी राहणारी बाई घरी येऊन डाळी केव्हा शिजवणार? कामगारांची मुले निकस अन्नावर वाढत होती. फ्रिडोलिन शूलर नावाचे एक वैद्य कारखाना-निरीक्षक होते. कडधान्ये पौष्टिक आहेत आणि स्वस्तही, फक्त ती लवकर शिजतील असे काही करा, असा आग्रह त्यांनी धरला. तेथल्या लोककल्याण संस्थेने तो उचलून धरला, आणि यूलियस मागी या गिरणीवाल्याने ते काम अंगावर घेतले. १८८६ मध्ये त्याची वाटाण्याची आणि घेवड्याची तयार सूपे बाजारात आली. आपल्याकडे शतकानंतर जे नाव शेवयांबरोबर घरोघर पोचले, त्या मॅगीचे मूळ हे आहे. येथे हिशेब पुन्हा तोच. बाईचा तास गिरणीने घेतला होता, म्हणून चुलीचे काम दुसऱ्या गिरणीकडे द्यावे लागले. त्या सुपाने कामगारांच्या घरी ताटात काही पडले, हेही तितकेच खरे. इतिहासात उपकार आणि अपकार बहुधा एकाच भांड्यात शिजतात.

आता गरम पाण्याकडे वळू. 'फक्त गरम पाणी घाला' असे पाकिटावर छापणे सोपे आहे. पण ते पाणी कशावर तापवायचे? एक किलो बर्फ वितळवायला ८० उष्मांक लागतात, आणि त्या पाण्याला उकळी आणायला आणखी १००. म्हणजे हिमप्रदेशात जवळजवळ निम्मे इंधन नुसते पाणी मिळवण्यात जाते. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे चार सोबती १९१२ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले. त्यांचा मुख्य शिधा पेमिकन आणि बिस्किटे. माणशी रोज सुमारे ३४० ग्रॅम पेमिकन आणि ४५० ग्रॅम बिस्किटे. पेमिकन ही उत्तर अमेरिकेतील आदिवासींची युक्ती, वाळवून कुटलेले मांस आणि चरबी यांचा गोळा. बर्फाच्या पाण्यात तो वितळवून बिस्किटांचा चुरा टाकला की रबडी तयार. परतीच्या वाटेवर पुरून ठेवलेले रॉकेलचे डबे त्यांनी उघडले, तेव्हा ते पुरते भरलेले नव्हते. कातडी चकत्यांतून तेल उडून गेले होते. इंधन घटले म्हणजे गरम अन्न घटले आणि प्यायचे पाणीही घटले. शिधाही त्या श्रमाला अपुराच होता, थंडी नेहमीपेक्षा कडक होती. एकच कारण दाखवता येणार नाही. पण मार्चच्या अखेरीस अखेरचे तिघे तंबूत मरण पावले, तेव्हा पुढचे मोठे कोठार वीस किलोमीटरांच्या आसपास होते. आधणाचे पाणी फुकट नसते, हा धडा याहून कठोरपणे कोणी शिकला नसेल.

हिमालयातही एक धडा मिळाला, पण तो सुदैवाने काटकसरीचा होता. १९२२ आणि १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांच्या सामानात डबाबंद लाव्याचे मांस होते, शॅम्पेनही होती. हे सारे कोणाच्या तरी पाठीवरून वर जाई. १९२२ च्या मोहिमेत नॉर्थ कोलच्या उतारावर हिमलोट कोसळून सात हमाल मेले, हे विसरता कामा नये. वर नेलेल्या प्रत्येक शेराला खालून चढणारी एक पाठ लागते. पुढच्या पिढीतील एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन या दोघांना या थाटाचा मनस्वी कंटाळा होता. १९३४ मध्ये ते आंगथार्के, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांबरोबर नंदादेवीच्या तोपर्यंत कोणी न गाठलेल्या अंतर्भागात शिरले. पाच महिन्यांच्या हिंडण्याला, इंग्लंडपासूनच्या प्रवासासह, दोघांना मिळून तीनशे पौंडांहून कमी खर्च आला. शेर्पा जे खात तेच बहुतांशी साहेबही खात, आणि त्यात त्सांपा हा मुख्य आधार. बद्रीनाथ-केदारनाथमधला पाणलोट ओलांडताना शिधा संपला, तेव्हा त्यांनी बांबूचे कोंब खाऊन दिवस काढले. पण मोठ्या पर्वतांत हिंडायला मोठी तिजोरी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. स्वस्त गिरिभ्रमणाची परंपरा मोजायची तर येथून मोजावी. या स्वस्ताईत कोणाची मजुरी लपवलेली नव्हती. पाचही जण ओझे वाहत होते.

आता जपान. युद्धानंतर तो देश उपाशी होता. ओसाकात युद्धोत्तर काळ्या बाजारात शेवयांच्या एका वाडग्यासाठी थंडीत रांगा लागत. ते दृश्य मोमोफुकु आंदो नावाच्या व्यापाऱ्याच्या मनात राहिले. १९५७ मध्ये त्याची पतसंस्था बुडाली आणि त्याच्याजवळ राहते घर तेवढे उरले. इकेदा गावी घरामागच्या खोपटात त्याने शेवयांवर प्रयोग सुरू केले. अडचण वाळवण्याची होती. वाळलेल्या शेवया गरम पाण्यात लगेच मऊ व्हायला हव्यात. बायको तळणीत तेंपुरा तळत असताना त्याने पाहिले, की पिठातले पाणी बुडबुडे होऊन उडते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. शेवया उकडून तळल्या तर हेच घडेल, आणि त्याच छिद्रांतून पाणी पुन्हा आत शिरेल! २५ ऑगस्ट १९५८ रोजी त्याचा माल बाजारात आला. किंमत ३५ येन. ताज्या उडॉन शेवयांची गुंडी तेव्हा ६ येनला मिळे. म्हणजे आज गरिबाचे जेवण म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू जन्मली तेव्हा चैनीची होती. कारखाने वाढले, माल वाढला, तसा भाव उतरला.

१९७१ मध्ये आंदोने शेवया पेल्यातच भरल्या, म्हणजे भांड्याचीही गरज उरली नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९७२ मध्ये, कारुइझावाच्या डोंगरात सशस्त्र तरुणांनी एक विश्रामगृह बळकावले आणि एका स्त्रीला ओलीस धरले. पोलिसांचा वेढा दहा दिवस चालला. थंडीने त्यांच्या जेवणाचे डबे गोठत होते. तेव्हा वाफाळणारे पेले हातात धरून बर्फात उभे असलेले पोलीस साऱ्या जपानने दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि पेल्याचा खप वाढला. युद्धाने जन्माला घातलेल्या अन्नाची जाहिरात वेढ्याने व्हावी, हा योगायोग नमुनेदार आहे.

अमेरिकेत आणखी एक पाऊल पडले. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव गोठवून, निर्वात पेटीत त्यातला बर्फ थेट वाफेत उडवून सुकवीत असत. अँडीजच्या थंडीने जे पठारावर केले, तेच यंत्राने पेटीत केले. हीच रीत पुढे अन्नाला लागू झाली. व्हिएतनाम युद्धात दूरच्या गस्तीवर जाणाऱ्या सैनिकांना अशी पाकिटे मिळाली, आणि ती बनवणाऱ्या ओरेगॉनमधील कारखान्याने पुढे तीच पाकिटे डोंगरवाटांवरच्या हौशी मंडळींना विकली. चव चांगली, वजन नाममात्र. पण यंत्र महाग, वीज महाग, म्हणून पाकीटही महाग. आपल्याकडे सैन्याच्या शिध्यासाठी १९६१ मध्ये म्हैसूरला संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुलाव, उपमा, हलवा अशा आपल्या जेवणाला तिने पाकिटात बसवले, आणि १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा तिचेच पदार्थ बरोबर गेले.

आता आपण आपल्या गडावर परत येऊ. पाकीट घ्यावे की घेऊ नये, हा वाद मी घालत नाही. तळलेल्या शेवयांत तेल आणि मीठ भरपूर, कस मात्र बेताचा. एक वेळ ठीक, चार दिवस त्यावर काढू नयेत एवढे सांगतो. पण ज्याला स्वस्त आणि सोपे हवे, त्याने आपल्या घराचे कोठार आधी पाहावे. रवा तेलावर खमंग भाजून त्यात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता आणि वाळलेली मिरची यांची कोरडी फोडणी, मीठ आणि सुके खोबरे मिसळून डब्यात भरावे. गडावर दुप्पट आधणाचे पाणी ओतून झाकले की सात मिनिटांत उपमा. पातळ पोह्यांत मेतकूट आणि दाण्याचे कूट मिसळून नेले, तर पाणी शिंपडले तरी भागते. सातूच्या पिठाला तर गरम पाणीही नको. गूळ आणि गार पाणी पुरते. वैशाखात वाळवलेल्या, तुपावर परतलेल्या बारीक शेवया उकळत्या पाण्यात झाकून ठेवल्या, तर वर दुधाची भुकटी आणि साखर घातली की खीर. यात इंधन थोडे लागते, गडावरचे झाड तुटत नाही आणि मागे चकचकीत पाकिटांचा उकिरडाही राहत नाही.

मात्र एक अट आहे. हा डबा भरण्याचे काम जो डोंगर चढणार त्याने करावे. आईला किंवा बायकोला सांगून तो भरून घेतला, तर आपण पोतोसीच्या व्यापाऱ्याहून फारसे निराळे नाही. मुलांनी आधल्या रविवारी रवा स्वतः भाजावा, हात पोळून घ्यावा, फोडणी एकदा करपवावी. म्हणजे गडाच्या माथ्यावर झाकण उघडून पहिली वाफ तोंडावर येईल, तेव्हा या पाच मिनिटांच्या मागे किती वेळ उभा आहे, हे कोणी न सांगताही त्यांना कळेल.

घरी जाताना वाळवणे काढायला विसरू नका. आभाळ भरून आलेले दिसते.